शिखराचा शॉट

सकाळपासून फिल्म करणाऱ्या दादाने कॅमेऱ्याची तीच सात कार्डं आवाज बंद ठेवून चारदा पालथी घातली होती. शिखर कुठेच नव्हतं. सातव्या कार्डावर होते ते नुसते बूट आणि बर्फ.

"परत लावू?" एडिटर बाईंनी विचारलं.

"लावून काय होणार? शेण खायचं ते खाऊन झालंय."

एकदा बटण दाबलं की कॅमेरा चालू, पुन्हा दाबलं की बंद. वर जाड हातमोज्यात एक दाब जास्त पडला, लाल दिव्यावर बर्फ साचलेलं, आणि पुढचं सगळं उलटं झालं. डोळ्याला लावला की कॅमेरा बंद, गळ्यात सोडला की चालू. वीस वर्षं डोंगरावर फिल्मा करणाऱ्या माणसाची ही चूक! दुसऱ्या कुणी केली असती तर त्याने त्याला उभा सोलला असता. आता कुणाला सोलायचं?

तेवढ्यात दारात कुबडी वाजली. फिल्म ज्याच्यावर होती तो गिर्यारोहक आला होता. हिमदंशाने त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं कापावी लागली होती, आणि शिखरावरच्या स्वतःला बघायला तो तीन जिने चढून आला होता.

"दाखवा दादा."

दादाने खुर्ची मागे सरकवली. बाईंनीच सातवं कार्ड लावलं, या खेपेला आवाजासकट. पडद्यावर समोरासमोर बुटांचे दोन जोड आले, आणि दादाचाच आवाज.

"फ्रेम हुकली रे. खाली जा, पुन्हा चढून ये."

"दादा, पायाला काही कळत नाहीये."

"एकदाच. शेवटचं."

बूट वळले, चित्र तुटलं. पुढच्या तुकड्यात तेच बूट परत आलेले, जरा अडखळत. आणि तोच आवाज, "अजून एकदा."

असं चार वेळा. पोरगा वर उगाच रेंगाळला, म्हणून बोटं गेली, असं दादा आजवर सगळ्यांना सांगत आला होता. सांगून सांगून ते त्याला स्वतःलाही पटलं होतं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बंद करा हो ते!" तो बाईंवर खेकसला.

"राहू द्या ना." गिर्यारोहकाने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या उजव्या बुटावर हात ठेवला. "यात सगळी बोटं आहेत अजून."