शेवटचे आठ सेकंद

बास्केटबॉलच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेतले पहिले तिन्ही सामने संघ हरला. समोरचा डावखुरा दर वेळी चाळीस गुण करून जायचा, आणि संघाचा कर्णधार, सगळ्यांचा दादा, त्याला अडवायला एकटाच धावायचा. “माझा माणूस आहे, मीच बघतो,” हा त्याचा हट्ट.

चौथ्या सामन्याआधी दादा सुजलेल्या गुडघ्याला बर्फ लावत बसला होता. प्रशिक्षक शेजारी येऊन एवढंच म्हणाले, “अरे, बाकीचे चौघं काय हवा खायला उभे असतात?”

पुढचे तीन सामने संघानं जिंकले. सातव्यात आठ सेकंद उरले होते आणि संघाची आघाडी होती फक्त एका गुणाची. डावखुरा दादाच्या बाजूनं आत घुसला, तर समोर दुसरा उभा. तो वळला, तर तिसरा आडवा आला. चेंडू कुणाला द्यावा म्हणून बघितलं, तर तिथंही दोघांचे हात. भोंगा वाजला तेव्हा चेंडू त्याच्या हातातच होता.

प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. त्या गोंधळात एका वार्ताहरानं दादाला गाठलं. “शेवटी तो तुम्हाला चकवून गेला, तेव्हा काळजात धस्स झालं असेल ना?”

दादा मनापासून हसला. “चकवून कुठला? मीच बाजूला झालो.”