गॅलऱ्यांचा ठराव

"तर दुरुस्ती पुढच्या वर्षी. मेंटेनन्स आहे तेवढाच. मान्य असेल त्यांनी हात वर करा," नाना म्हणाले, आणि पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून हात वर होऊ लागले.

नाना सोसायटीचे अध्यक्ष. दर निवडणुकीला बिनविरोध. त्यांच्या कारकिर्दीत मेंटेनन्स कधी वाढला नाही, याचं लोकांना कौतुक होतं आणि नानांना त्याहून जास्त. दुरुस्ती फंडाचा विषय निघाला की ते एखादा विनोद करत, लोक हसत, आणि विषय तिथेच विरून जाई. फंडात खडखडाट होता. तो अजून कुणाच्या कानावर गेला नव्हता, इतकंच.

परवा इमारत तपासायला इंजिनिअर बाई आल्या. शिडी लावून त्यांनी गॅलऱ्यांना खालच्या बाजूने हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. एक ढलपी सुटून हातात आली, आतली सळई गंजून पापुद्रे झालेली. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "खालून टेकू लागेपर्यंत एकाही गॅलरीत माणूस उभा राहता कामा नये. आजच सगळ्यांना सांगा." नानांनी मान डोलावली.

सांगितलं मात्र कुणालाच नाही. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. सांगायचं म्हणजे फंड रिकामा का, हेही सांगावं लागणार; इतक्या वर्षांचं नाव एका सभेत धुळीला मिळणार. इमारत इतकी वर्षं उभी आहे, अजून एक वर्ष राहील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती पुरती पटली नसावी, कारण चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी त्यांनी गॅलरीला कुलूप घातलं. कबुतरांनी उच्छाद मांडलाय, असं बायकोला सांगितलं.

सभेत ते म्हणाले, भेगा किरकोळ आहेत, या इंजिनिअर मंडळींना बाऊ करायची सवयच असते. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी गॅलऱ्यांचं विचारलं. खुशाल चहा पीत बसा, नाना म्हणाले, आणि लोक नेहमीसारखे हसले.

आता हात मोजायचीही गरज नव्हती. सगळेच वर होते.

तेवढ्यात वरून हाक आली. नानांची लेक सकाळीच माहेरी आली होती. गॅलरीच्या दाराला कुलूप पाहून तिने खुंटीवरची किल्ली काढली होती, आणि आता तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन ती गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी होती. आजोबांना टाटा कर, असं पोरीला सांगत होती.

हाकेसरशी नाना पार्किंगच्या कडेला आले आणि त्यांनी वर पाहिलं.

"मागे हो! आत जा आधी! कोसळेल ती!"

हा आवाज नानांचा आहे, हे क्षणभर कुणाला खरं वाटेना. लेक दचकून आत गेली. वर गेलेले हात थोडा वेळ तसेच अधांतरी होते, मग एकेक करून खाली आले.

गुरुजी उठले. ते रागावले नव्हते.

"माझी सून आत्ता गॅलरीत कपडे वाळत घालतेय, नाना. तिला काय सांगू?"

उत्तरासाठी कुणी थांबलं नाही. खुर्च्या लोटून माणसं बाहेर उघड्यावर धावली आणि माना वर करून जो तो आपापल्या माणसाला आत बोलावू लागला. हळूहळू ते आवाज थांबले. मग ज्या घरांतून सभेला कुणीच आलं नव्हतं, त्यांची नावं घेत नाना एकटेच ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत.