डावा कल्ला

"डावी," म्हणत बेलार्मिनोने बटण दाबलं. "ही पण डावी. ही उजवी. चला पोरी, संपलं तुझ्या फोटोंचं शेवटचं पान."

विकुन्या गावातल्या त्याच्या केशकर्तनाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसायचं. दाराशी बाकावर तेवढा त्याचा जुना मित्र निकानोर पेपर वाचत बसायचा. त्या वेळात बेलार्मिनो आपल्याच खुर्चीत बसून लेकीच्या लॅपटॉपवर आकाशगंगांचे फोटो बघायचा आणि प्रत्येकीचा भोवरा डावीकडे फिरतो की उजवीकडे, ते नोंदवायचा. नजर एकच असली म्हणजे घोळ नको, म्हणून आकाशाचा अभ्यास करणाऱ्या इस्मेनियाने सगळी मोजणी बापावर सोपवली होती. दोन वर्षांत अकरा हजार फोटो झाले. शंभरात त्रेपन्न डाव्या. म्हणजे विश्व आणि त्याचं आरशातलं रूप सारखं नाही. विश्वाला डावी बाजू जास्त लाडकी आहे. इस्मेनियाचा यावरचा शोधनिबंध उद्या पाठवायचा होता आणि बापाने तर आधीच गावभर डंका पिटला होता.

पण या आठवड्यात इस्मेनियाने एक लबाडी केली होती. त्याला न सांगता या आठवड्याचे सगळे फोटो तिने आरशात दिसतात तसे उलटे करून दिले होते. कल खरंच आकाशाचा असता, तर आता उजव्या जास्त निघायला हव्या होत्या.

तिने बेरीज केली. शंभरात त्रेपन्न डाव्या.

निबंध हातचा गेला. त्याचं वाईट वाटलंच, पण बापाला सांगणं तिच्या अगदी जिवावर आलं.

"बाबा, हे फोटो मी उलटे करून दिले होते. तरी तुम्हाला डाव्याच जास्त दिसल्या."

त्याने शेवटचा फोटो पुन्हा उघडला.

"म्हणजे कल आकाशात नाही. माझ्या डोळ्यात आहे."

"थोडाफार सगळ्यांच्याच असतो हो."

"तुझी दोन वर्षं पाण्यात घातली मी."

"चूक माझी. पहिल्याच आठवड्यात तपासायला हवं होतं." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि पाण्यात कशाला? तुमचा कल किती ते कळलं. तेवढा वजा केला की दोन्ही बाजू सारख्या. आता निबंधात तेच लिहीन."

"म्हणजे मला वजा करणार तू."

"तुमच्या डोळ्याला. तुम्हाला कोण वजा करेल?"

बाकावरचा पेपर खाली आला.

"बेलार्मिनो," निकानोर म्हणाला, "तीस वर्षं घसा कोरडा करून सांगतोय. माझा डावा कल्ला तू आखूड कापतोस."

याचं उत्तर तीस वर्षं ठरलेलं होतं: डोकंच वाकडं आहे तुझं, त्याला मी काय करू. बेलार्मिनोने सवयीने तोंड उघडलं. इस्मेनियाला हसू आवरेना.

पण या वेळी तो उठला, खुर्ची झटकली आणि पांढरं कापड हातात घेतलं.

"ये, बस," तो निकानोरला म्हणाला. मग कात्री उचलून लेकीकडे वळला. "आणि तू इकडे उभी राहा, पोरी. मी कापतो. कुठे थांबायचं, ते तू सांग."