काखेतला ट्रान्झिस्टर

दुपारपासून मलूल पडलेल्या छोट्या ओवीनेच सकाळी थर्मामीटर फोडला होता आणि घाटाखालच्या दवाखान्याकडे जाणारी शेवटची एसटी चारला होती. तिच्या आईने, मृण्मयीने, कॉलेजच्या जुन्या डब्यातून सर्किटमधला तीन पायांचा इवलासा ट्रान्झिस्टर शोधला, त्याला मल्टिमीटरच्या वायरी जोडल्या आणि वर प्लास्टिक गुंडाळलं.

"पोरीचा रेडिओ करतेस की काय?" सासूबाई म्हणाल्या. "परवाही उगाच दवाखान्यात पळवलीस. दात येत होते."

"म्हणूनच मोजतेय, आई. हा जेवढा तापेल तेवढा मीटरवरचा आकडा उतरतो. एका अंशाला दोन."

तुलनेसाठी तिने तो आधी स्वतःच्या काखेत धरला. पाचशे नव्वद. मग झोपाळलेल्या ओवीच्या काखेत. आकडा जरा डगमगला आणि पाचशे नव्वदवरच थांबला.

"माझ्याएवढीच आहे. ताप नाही." मृण्मयी भिंतीला टेकून बसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

सासूबाईंनी पिठाचे हात धुतले, पुसले आणि नातीच्या कपाळाला लावले. मग सुनेच्याही.

"अगं, सारख्याच आहात खऱ्या. पण तुझं ते खेळणं जरा माझ्या काखेत घाल बघू."

दोन मिनिटांनी मीटरवर पाचशे चौऱ्याण्णव आले. मृण्मयी आकड्याकडे बघत राहिली. स्वतःला ताप असेल, हे तिने धरलंच नव्हतं.

"काय म्हणतो तुझा रेडिओ?"

"आम्ही दोघी तुमच्याहून दोन अंशांनी गरम आहोत."

पावणेचार झाले होते. सासूबाईंनी ओवीला खांद्यावर घेतलं.

"चल, ऊठ. केसपेपर दोन काढावे लागतील."