बादलीतला लाडू

दोन चिमट्यांत धरलेली काळ्या मातीची कांडी उभी लटकत होती आणि खालच्या चिमट्याला बादली टांगलेली. बादलीत वजनं टाकत जायची, माती तुटली की बादलीतलं सगळं मोजायचं. पालापाचोळा कुजून झालेली मातीही ताण सोसते, हे नीरजाला आजच दाखवायचं होतं. नाहीतर केळुसकर सर प्रबंधाचा विषय बदलायला लावणार होते.

प्रयोगशाळेतली वजनं संपली तरी माती तुटेना. नीरजाने बादलीत दाराचं कुलूप टाकलं, किल्ल्या टाकल्या, मग आईने दिलेला लाडवांचा डबा हलकेच सोडला. "चिखलाला कसली आलीय ताकद," असं वर्षभर म्हणणाऱ्या सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टाकलं, पाठोपाठ चष्माही. नीरजाला हसू आवरेना.

चष्म्याने माती तुटली. बादली धपकन खाली आली, डब्याचं झाकण उडालं. आनंदाच्या भरात सरांनी बादलीतला एक लाडू उचलून अख्खा तोंडात टाकला. "जिंकलीस गं," ते भरल्या तोंडाने म्हणाले.

"सर, तो लाडू वजनात होता."

सर चावायचे थांबले. मग त्यांनी दुसरा लाडू काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"आईचा हात बसलेला असेल ना, सगळे लाडू सारखेच? मग हा दोनदा मोज."