अनोळखी टर्मिनल

"मास्तर, आज पुन्हा तेच," पंपावरच्या बाई फोनवर म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचायला सांगितला. तो त्यांना तोंडपाठ होता, तरी सावकाश ऐकून घेतला. टर्मिनल अनोळखी आहे, प्रोग्रॅम सुरू करता येत नाही.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. पाणीपुरवठा कार्यालयातला जुना प्रोग्रॅम, काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून चालणारा, त्यांनी इतक्या जणांना शिकवला होता की नाव पडलं ते पडलं. शिकलेले एकेक करून निवृत्त झाले, कुणी बदलून गेले. आता त्या प्रोग्रॅमची नस जाणणारे ते एकटेच उरले होते. तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगतची खोली, तीत एक टेबल, एक पंखा आणि एक फोन. तिकडे कुणी चुकूनही फिरकत नसे.

सात महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या पंपघराला नवा कॉम्प्युटर मिळाला आणि हे दुखणं सुरू झालं. बाईंना रात्रभरातल्या टाक्यांच्या पातळ्या साडेदहाच्या आत भराव्या लागत. नवा कॉम्प्युटर जुन्या प्रोग्रॅमला आपलं नाव सांगायचा. प्रोग्रॅमच्या यादीत ते नावच नव्हतं, म्हणून तो त्याला दारातूनच परत पाठवायचा. उपाय एका ओळीचा होता. बाईंच्या फाइलमध्ये लिहायचं, की याला तुझ्या ओळखीचाच जुना टर्मिनल, म्हणजे तुला जोडलेलं जुनंच यंत्र, समज. मास्तर ती ओळ इकडून टाकत, बाई पुन्हा आत शिरत आणि काम चालू होई. दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन. ओळ गायब.

"यंत्राला जरा वेळ लागेल," मास्तर म्हणत.

तेवढ्या वेळात बाई बोलत राहत. आईला रात्री डोळा लागला की नाही, तीन नंबरचा पंप म्हाताऱ्यासारखा कसा खोकतो, असलं काहीबाही. मास्तरही एखादी करपलेली भाजी सांगत. एकदा ते बोलून गेले, की घरी दार उघडायलाही आपणच आणि लावायलाही आपणच. बाईंनी विचारलं, जेवलात का. सकाळचे सव्वादहा वाजले होते.

एके दिवशी साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. साहेब वयाने त्यांच्या पुतण्याएवढे, पण बोलण्यात मान राखणारे. पंपघराच्या नोंदी महिन्यातून पाच-सहा वेळा तरी उशिरा येतात, असं त्यांनी कागद पुढे सरकवत दाखवलं. त्यांच्या मते ओळ बाईच पुसत होत्या. दिवसभर एकटी बाई, चार शब्द बोलायला कुणीतरी हवंच की, असं म्हणून ते हसले.

"बाई तशा नाहीत," मास्तर खाली बघत म्हणाले.

साहेबांनी त्यांना जातीने जाऊन काय ते बघून यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा फोन आटोपून मास्तर बसने निघाले. कपाटातला इस्त्रीचा शर्ट घातला होता. पंपघराची फरशी पायाखाली थरथरत होती. आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा बाई उंच होत्या आणि थकलेल्याही. त्यांनी कानातला कापूस काढला, खुर्ची पुसून दिली. मास्तरांनी तासभर कॉम्प्युटर तपासला. त्यात काही दोष नव्हता.

बाईंनी एक वही पुढे केली. सात महिन्यांतला प्रत्येक फोन तीत तारीखवार लिहिलेला होता.

"ती ओळ मला द्या ना लिहून," त्या म्हणाल्या. "मीच टाकत जाईन. तुमच्या मागचा रोजचा जाच तरी सुटेल."

"इथून चालत नाही ती. कार्यालयातूनच टाकावी लागते."

बाईंनी लगेच मान डोलावली आणि रोज त्रास देते म्हणून उलट माफी मागितली. मग टेबलाच्या खणातून एक पत्र काढलं. शेवटची ताकीद होती. आणखी एकदा नोंद उशिरा आली तर बदली, तीही पार दुसऱ्या टोकाला. बदली म्हणजे मागची दोन खोल्यांची सरकारी जागाही जाणार. उघड्या खिडकीतून तिथली खाट दिसत होती. खाटेवर त्यांची आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिला चार वर्षांत कुणी त्या खोलीबाहेर हलवलं नव्हतं.

"सगळे म्हणतात मीच पुसते," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"नाही. तुम्ही पुसत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे."

बाई वळून पंपाच्या काट्याकडे बघू लागल्या. "एवढ्या मोठ्या कार्यालयात माझ्या बाजूचे तुम्ही एकटेच," त्या तिकडे तोंड करूनच म्हणाल्या.

बाईंनी दिलेला चहा मास्तरांनी तसाच ठेवला. निघताना ते खाटेपाशी थांबले. म्हातारीने विचारलं, कोण आलंय. बाईंनी सांगितलं, आपले मास्तर.

"उद्यापासून होणार नाही," दारात चपला घालता घालता मास्तर म्हणाले. "शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी, साडेनऊलाच येऊन बसले. पंखा लावला. टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली. सव्वादहा झाले. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. फोन चालू होता. तो हळूच जागेवर ठेवला.

दहा वीसला पंपघराच्या पातळ्या त्यांच्या पडद्यावर उमटू लागल्या, एकाखाली एक, वेळेच्या आत, एकही चूक नाही. मास्तरांनी सगळे आकडे शेवटपर्यंत वाचले. मग हात मांडीवर ठेवून ते फोनकडे बघत बसले. सात महिन्यांत आज पहिल्यांदाच त्यांनी सकाळी आल्या आल्या बाईंच्या फाइलमधली ती ओळ पुसली नव्हती.