फुटलेली कप्पी

"फुटलेली कप्पी आता कुठे आहे?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं. आवाज असा गोड, जणू पाहुण्यांकडे पाणी मागतायत.

ग्राहक आयोगाच्या खोलीत विठोबा दोन्ही हात बांधून उभा होता. मिठबावहून येताना एसटीत त्याने सगळी उत्तरं शुद्ध मराठीत घोकली होती. कप्पी गणपतीनंतर घेतली, कुडाळच्या दुकानातून. बिल आहे. तिसऱ्या दिवशी जाळं ओढताना ती मधोमध फुटली आणि तुकडा मुलाच्या, नितेशच्या, डाव्या डोळ्यात घुसला. जाळ्यात मासळी होती ती जेमतेम दोन टोपल्या. कंपनीचं म्हणणं मात्र, मुलाने कप्पीवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकला. चूक नितेशची. डोळा गेला तो गेलाच, वर दोषही त्याच्याच माथी.

"समुद्रात," विठोबा म्हणाला.

"म्हणजे त्याच वेळी पडली ना पाण्यात?" अध्यक्षांनी विचारलं.

नितेशची बाजू मांडणाऱ्या ऋता वकीलबाईंनी मान वर केली. 'कप्पी गेली' एवढंच विठोबाने त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी तसंच धरलं होतं. आता त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोलीतले सगळे त्या एका 'हो'साठी थांबले होते. पण जी वस्तू स्वतःच्या हाताने समुद्राला दिली, ती पडली कसं म्हणायचं? ज्याला दिली त्याच्यावरच तर घर चालतं.

"नाय. पडाक नाय. मीच दिलंय. नारळ घालून," विठोबा म्हणाला. घोकलेली मराठी कुठच्या कुठे गेली. "जेना माणसाचा रगत काढल्यान, ता आमी होडयेर ठेवणव नाय. घरातय नाय. माझ्या आज्यान नांगर दर्याक दिल्लो, भावान कोयतो दिल्लो."

"कधी दिलीत?"

"झील हॉस्पिटलात होतो तेवा. दुसऱ्याच दिसा."

तेव्हा असं काही कोर्टात मागतात हे मिठबावात कोणाला ठाऊक होतं? सून प्रियांकाने पेपरात वाचून तक्रारीचं नाव काढलं ते चार महिन्यांनी.

"निदान फोटो?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

ऋता वकीलबाईंनी फोटो पुढे केले. सात होते. सातही नितेशच्या डोळ्याचे.

"डोळ्याबद्दल आमचा वादच नाही," कंपनीचे वकील म्हणाले. "आम्हालाही वाईट वाटतं. पण वस्तू स्वतः तक्रारदाराच्या वडिलांनी नष्ट केली. मग दोष वस्तूत होता की वापरात, हे आता तपासायचं कशावर?"

टायपिस्टने ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. निकालाची तारीख पुढची मिळाली, पण निकाल काय लागायचा तो खोलीतल्या पंख्यालाही कळला होता.

बाहेर व्हरांड्यात नितेश कठड्याला टेकून उभा राहिला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं कप्पीचं बिल त्याच्या हातात होतं. विठोबाला वाटलं, आता पोरगा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वायच पाणी पी," विठोबा म्हणाला.

नितेशने पाणी घेतलं नाही. पिशवीची घडी घालत राहिला, उलगडत राहिला.

"बाबा, दर्याक देताना तुमी काय मागलात?"

विठोबाने टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुझो दुसरो डोळो राख म्हणान सांगलंय."

"राखल्यान," नितेश म्हणाला आणि त्याच डोळ्याने बापाकडे बघत राहिला.